नव्या भाताआधीची सुई

“गिळा म्हणते ना! थुकू नका! बाबाजी, गिळा!”

ही मेश्राम सिस्टर. आमच्या वृद्धाश्रमाची नर्स. उंचीने माझ्या खांद्याला लागते, पण आवाज असा, की गोंदिया जंक्शनवर उभी राहून ओरडली तर नागपूरकडे सुटलेली गाडी उलटी फलाटावर येईल. तिच्या दोन बोटांवर भिजवलेली साखर होती आणि ती साखर ती माझ्या गालाच्या आतून फासत होती. मी दात आवळून बसलो होतो. माझ्या हिशोबाने मी जेवणघरात नव्हतोच. मी माझ्या केशोरी गावात, आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर उभा होतो, पाणी पाळ फोडायला आलं होतं, आणि ही कोण बाई माझ्या तोंडात माती भरून राहिली आहे ते मला कळत नव्हतं. म्हणून मी तिच्या बोटाला चावलो.

“चावा!” ती म्हणाली. “चावायचं तेवढं चावा, पण साखर पोटात जाऊ द्या!”

माझ्या खोलीतले मिश्राजी मागे उभे होते. जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन होते, आता माझ्या शेजारच्या खाटेवर असतात. ते म्हणाले, “सिस्टर, ये नाटक कर रहा है. काल मले सांगून राहिला होता का वाघ याच्या आंगणात चहा प्यायले येत होता. आज पाळ फुटली म्हणते.”

“मिश्राजी, तुम्ही ग्लुकोजचा डबा आणता का बाहेर जाता?”

घाम तर असा सुटला होता, की स्वयंपाकीण यमुनाबाई पोतेरं घेऊन आली. (हे ती आजही नाकारते.) रक्तातली साखर किती खाली गेली होती तो आकडा सिस्टरने मला कधीच सांगितला नाही. लोकांनी विचारलं तर मी शून्य सांगतो. मिश्राजी म्हणतात, शून्यावर माणूस जिवंत राहत नाही. मी म्हणतो, तुमच्याकडचा राहत नसेल.

चेष्टा बाजूला ठेवतो. त्या दुपारी मी मरू शकलो असतो, आणि भूक असताना, ताट पुढे असताना मेलो असतो. माझ्यासारखे कितीतरी म्हातारे आज कुठल्या ना कुठल्या आश्रमात इन्सुलिनची सुई घेऊन जगत आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या पोरांसाठी हे लिहून ठेवतो.

डोळे दाखवायला गेलो होतो

साखर मला डोळ्यांच्या शिबिरात सापडली. अर्जुनी मोरगावला मोतीबिंदूचं शिबिर होतं. मी गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि एका पोरसवद्या डॉक्टरने डोळ्याऐवजी बोटच टोचलं. यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुसरं बोट टोचलं.

“बाबाजी, काही खाऊन आले का?”

“नाही जी. फक्त चहा.”

“आधी साखर उतरवा. डोळ्याचं मंग पाहू.”

म्हणजे एक रोग काढायला गेलो आणि दुसरा घेऊन परत आलो. बसमध्ये माझी बायको, म्हणजे आमची कारभारीण, खिडकीबाहेर पाहत बसली होती. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, इटियाडोह धरणाच्या पाण्याने टम्म भरलेल्या. गावाचा फाटा आला तेव्हा तिने एकच विचारलं, “भात बंद होते का?”

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न समजायचा नाही. आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवला का’ विचारत नाहीत, ‘भात खाल्ला का’ विचारतात. पोळी हे आमच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. मी तरुणपणी परातभर भात खायचो, आणि परात म्हणजे लहान नव्हे, तिच्यात पोराला आंघोळ घालता आली असती. त्या दिवसापासून भात वाटीत आला. कारभारीण वाटी भरून वरून बोटाने सपाट करायची. ती वरण आणायला वळली की मी तोच भात मुठीने दाबायचो आणि ओरडायचो, “वाटी अर्धीच आहे वो!” ती पुन्हा भरायची. तिला कळत नव्हतं असं मला वाटायचं. पुढे कळलं, की ती पहिल्यांदा मुद्दाम सैल भरायची.

भीती कशाची होती, तेही सांगतो. मरणाची नव्हती. पायाची होती. माझ्या मामाला काटा लागला, काट्याचं गळू झालं, आणि गुडघ्याखाली काही उरलं नाही. आमच्या खानदानाने तलाव बांधले. माझ्या आज्याने पाळ घातली तेव्हा इटियाडोहाच्या इंजिनिअरचा बापही रांगत होता. पाळीवरून चालायला पाय लागतो. म्हणून मी रोज आंघोळीनंतर तळवा उलटा करून पाहतो, हात पोचत नाही तिथे आरसा धरतो. मिश्राजी म्हणतात, हा माणूस तोंड पाहत नाही एवढा पाय पाहतो. पाहतोच. तुम्हीही पाहत जा.

गोळ्यांवर बरीच वर्षं निघाली. मग सुई आली. मग कारभारीण गेली.

मनोहर, आमचा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. मी तिथे राहून पाहिलं. घर चौथ्या माळ्यावर. सकाळी तो जाते, सून जाते, नात जाते, आणि मी अन् फ्रिज उरतो. दोन पावसाळ्यांमागची पुराची गोष्ट मी त्या फ्रिजला तीनदा सांगितली, तो घुर्र करून बंद पडला. त्यांनी माझं काही कमी केलं नाही, हे लिहून ठेवतो. पण ऐकणारा नसेल तर माझ्यासारख्याला भात मिळूनही उपास घडतो. शेवटी मीच म्हणालो, मला गोंदियाजवळच्या आश्रमात ठेव, तिथे माझी भाषा बोलणारी माणसं आहेत. गेल्या होळीनंतर इथे आलो.

बोटाची बाजू

आश्रमातली सकाळ टोचण्याने सुरू होते. आम्ही साखरवाले वऱ्हांड्यात बाकावर ओळीने बसतो, हात पुढे करून, जसे शाळेत छडी खायला बसायचो. सिस्टर एकेकाला टोचत जाते. पूर्वी ज्यांनी ज्यांनी मला टोचलं त्यांनी बोटाच्या टोकाला टोचलं. ही बाजूला टोचते. मी विचारलं, काऊन? ती म्हणाली, “टोकाने तुम्ही दाणा चाचपता नं, बाबाजी. ते दुखायले नको.” एवढ्याशा गोष्टीवर मी तिला दुपारी आज्याने एका रात्रीत तलाव बांधल्याची गोष्ट फुकट सांगितली.

दुपारचं जेवण यायच्या आधी सुई. सुई पोटाला, मग ताट. सकाळी पोळी, दुपारी वाटीभर भात, रात्री पोळी, असं डॉक्टरांनी बांधून दिलेलं. सुई आत गेली की तिला काम लागतं. ताटातला भात खाल्ला तर ती त्याचं काम करते. भात नाही गेला तर ती बसून राहत नाही, तुमच्याच अंगातली साखर उपसायला लागते. हे सिस्टरने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी मान डोलावली होती. समजलं होतंही.

तरी त्या दिवाळीनंतर, सुई घेऊन, मी दोन दुपारी भाताला हात लावला नाही. दुसऱ्या दुपारी सिस्टरच्या बोटाला चावलो.

दवाखाना

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या दोन्ही हातांना नळ्या लावून ठेवल्या. शेजारच्या खाटेवर एक बिडीवाला होता, त्याला दम्याचा त्रास. मी त्याला सांगितलं की माझ्या अंगात आता शुद्ध साखरेचं पाणी भरून राहिले, उद्या गिऱ्हाइकं लागतील. तो हसला आणि त्याला ढास लागली. नर्स माझ्यावर ओरडली.

तिथे सगळं घड्याळावर. चादर बदलायची वेळ, टोचायची वेळ, डॉक्टरांची वेळ. माणूस रिकामा असला की भीतीला जागा मिळते. दुपारी वॉर्ड सुस्तावला की मला वाटायचं, पुन्हा तसं झालं तर? तेव्हा पाळीवर उभा असल्यासारखं वाटलं, ते वाईट नव्हतं, हीच खरी भीती. बरं वाटत वाटत माणूस जाऊ शकतो.

डॉक्टरांनी विचारलं, “बाबाजी, सुई घेतल्यावर जेवले होते का?”

“पोटभर.”

“काय जेवले?”

मी ताट सांगितलं. वरण, भोपळ्याची भाजी, भात, वर लिंबाची फोड. इतकं रंगवून सांगितलं की डॉक्टरांच्या तोंडाला पाणी सुटलं असावं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सुईची मात्रा कमी करायला सांगितली. जेवूनही साखर एवढी पडते म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं असेल म्हणाले.

हेच त्यांनी फोनवर मनोहरला सांगितलं. संध्याकाळी मनोहरचा फोन आला.

“बाबा, तिथे तुमच्याकडे लक्ष देत नाहीत.”

“देतात रे. माझ्याकडे लक्ष न देणं कोणाले जमते का?”

“मी रविवारी गाडी घेऊन येतोय. तुम्ही पुण्याला चला. इथे जवळ मोठं हॉस्पिटल आहे.”

“मले काही झालं नाही.”

“तुम्ही बेशुद्ध पडला होता!”

“बेशुद्ध नाही. मी पाळीवर होतो.”

त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, “मला रात्री झोप लागत नाही, बाबा. रविवारी येतो. बॅग भरून ठेवा.”

पोराच्या आवाजात रडू होतं. मी त्याच्याशी भांडू शकलो असतो, त्या आवाजाशी कसा भांडू? फोन ठेवला. चौथा माळा, फ्रिज आणि मी, हे चित्र छतावर दिसायला लागलं.

दोन खाटांमधली पाटचारी

आश्रमात परतलो तेव्हा सिस्टरच्या बोटाला पट्टी होती. मी म्हणालो, “कोण चावलं व?” ती म्हणाली, “होता एक म्हातारा कुत्रा. साखर दिल्यावर शेपूट हलवायले लागला.”

दुसऱ्या सकाळी बाकावर टोचणं सुरू झालं. माझा नंबर झाला, मिश्राजींचा आला. मिश्राजीही साखरवालेच, पण गोळ्यांवर, म्हणून त्यांना पंधरा दिवसांतून एकदाच टोचतात. सिस्टरने यंत्र पाहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“मिश्राजी, तुमची काऊन चढून राहिली? पंधरवड्यापूर्वी तर बरी होती.”

“टेन्शन, सिस्टर. इनकी चिंता में.”

“चिंतेनं?”

“बहुत चिंता हुई.”

सिस्टर उभी राहिली. आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. “तुमची पडली. यांची चढली. एकाच खोलीत. दोन खाटांच्या मधात पाण्याची पाटचारी काढली आहे का तुम्ही?”

मिश्राजी वऱ्हांड्याच्या छताकडे पाहायला लागले. रेल्वेत एवढी वर्षं गाड्या एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारा माणूस, पण तोंडाचा सांधा काही बदलता येत नाही त्याला. लगेच बोलला.

“भात अच्छा था, सिस्टर. यही बोले, तुम खा लो. मैं क्या करता? फेंकता?”

म्हणजे झालं असं होतं. दिवाळीनंतर एका राईस मिलवाल्याने आश्रमाला तांदळाची पोती दिली. दानच होतं, चांगल्या मनाने दिलेलं. यमुनाबाईने भात केला. मी ताट पुढे ओढलं आणि वास आला. आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो वास, तो चिकटपणा, ती चमक. त्या साली कापलेल्या धानाचा तांदूळ होता. नवा.

मी वाटी मिश्राजींच्या ताटात उलटी केली. सुई आधीच पोटात गेली होती.

ताट

सिस्टरने त्या दिवसापासून माझ्यापुरता नियम फिरवला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि मला म्हणाली, “आता आधी ताट, मंग सुई. किती खाल्लं ते मी डोळ्यानं पाहीन, आणि तेव्हा टोचीन. नाही खाल्लं तर सुई नाही.”

ज्या म्हाताऱ्यांच्या जेवणाचा भरवसा नाही, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. तुमच्या माणसाचं असं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने मात्र करू नका.

दुपार झाली. ताट आलं. वाटीत तोच भात. सिस्टर स्टूल घेऊन समोर बसली, मांडीवर सुईचा डबा.

“खा.”

“आज पोट भरल्यासारखं आहे.”

“कायनं?”

मी सांगायला लागलो. सकाळी व्यायाम करताना वारा गिळला. ती बसून राहिली. म्हणालो, माझे दात नवे आहेत, भात त्यांना लागते. तिने कवळी काढून दाखवा म्हटलं, मला कवळीच नाही. मग मी वाघाकडे वळलो. त्या वाघाने एकदा भात खाऊन प्राण सोडला होता, तेव्हापासून मी भाताची खात्री करून खातो. तिकडे बायकांच्या पंगतीत खसखस पिकली. सिस्टर हसली नाही. तिने वाटीतलं एक शीत उचललं, दोन बोटांत दाबलं, नाकाला लावलं.

मग आवाज एकदम खाली आणला. तिचा आवाज खाली येतो हे मला माहीतच नव्हतं.

“बाबाजी, तुमच्या घरी नवं झालं का?”

मी वाटी दूर सारली.

‘नवं’ म्हणजे काय ते सांगतो. नवा धान घरी आला की पहिला तांदूळ घरच्या चुलीवर, दुधात शिजवायचा. पळसाच्या पानावर वाढून घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवायचा, एकेकाचं नाव घ्यायचं. मग घरातला वडील पहिला घास घेतो आणि त्यानंतर साऱ्या जगातला नवा तांदूळ मोकळा. तोवर नव्या शिताला कोणी तोंड लावत नाही. आमच्याकडे बाप लावत नव्हता, आजा लावत नव्हता. गेल्या साली कारभारीण नव्हती तरी मी एकट्याने चूल पेटवली होती. या साली केशोरीच्या घराला कुलूप.

“माझी मायही खात नाही,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही मले सांगायचं होतं नं जी. जुना तांदूळ आणला असता, पोळी केली असती. एवढ्यासाठी जीव द्याले निघाले?”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतं, घरी कोणी करत नाही का.”

“मंग?”

“मंग पोराचं नाव घ्यावं लागलं असतं.”

मनोहर वाईट नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही की हे आता त्याच्यावर आलं. मी सांगितलं नाही. आपण सांगायचं आणि त्याने ‘सुट्टी नाही’ म्हणायचं, त्यापेक्षा उपाशी बरं, असा माझा हिशोब. डॉक्टरांना खोटं ताट सांगितलं तेही त्याच हिशोबाने.

यमुनाबाईने आतून दोन पोळ्या आणल्या. मी खाल्ल्या. सिस्टरने मोजून पाहिल्या, मग सुई दिली. तिने माझ्या पोटाचा चिमटा धरलेला असताना मी म्हणालो, “मनोहरले सांगजो नको.”

“मी डॉक्टरले सांगीन,” ती म्हणाली. “आणि त्यायलेही सांगीन. जेवूनही तुमची साखर पडते असं समजून ते तुम्हाले नेऊन राहिले. खरं कारण त्यायच्या कानावर गेलं पाहिजे. मंग न्यायचं तर नेतील.”

“तू सांगशील तर मी तुयं दुसरं बोट चावीन.”

“चावा,” ती म्हणाली, आणि माझ्यासमोर मोबाईल काढून वऱ्हांड्यात गेली. काचेतून मला तिचे हात हलताना दिसत होते. फोन बराच वेळ चालला. परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, काही नाही म्हणाले. ऐकून घेतलं.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. माझ्यासाठी ही शिक्षा केवढी, ते तुम्हाला आता समजलं असेल.

रविवार

बॅग मी भरली नाही, मिश्राजींनी भरली. मध्येच माझा एक सदरा स्वतःच्या उशीखाली ठेवला आणि म्हणाले, “ये मेरा है.” त्यांचा नव्हता. मी तो तिथेच राहू दिला.

सकाळ सरली, गाडी आली नाही. दुपारी जेवणघरात ताटं लागली. माझ्या ताटात पोळी. तेवढ्यात सिस्टर मोबाईल हातात धरून पळत आली, पडद्यावर धूरच धूर.

“बाबाजी, बोला! तुमचा पोरगा आहे.”

धुरातून मनोहरचा चेहरा निघाला. डोळे लाल, कपाळाला काजळी, नाक गळून राहिलेलं. मागे आमची भिंत. केशोरीची.

“बाबा, चूल पेटत नाहीये!”

मी ओरडलो, “अरे बैला, एवढी लाकडं कोणी कोंबते का? वारा जाऊ दे!”

झालं. सारं जेवणघर मोबाईलभोवती जमलं. यमुनाबाई ओरडली, फुंकणी घ्या. मिश्राजी ओरडले, “घासलेट डालो!” बायकांनी त्यांना गप्प केलं. चूल पेटली तेव्हा इकडे टाळ्या झाल्या. बटईने आमचं शेत करणाऱ्या माणसाकडून त्याने पायलीभर नवा तांदूळ आणला होता. दूध उतू गेलं. त्याने हात भाजून घेतला. इंजिनिअर माणूस, साऱ्या दुनियेची यंत्रं चालवते, पातेल्यापुढे हरला.

मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, “वेळ लागू द्या. सुई मी अजून दिलीच नाही नं. ताट आधी, सुई मंग.” त्या नियमाचं मोल मला तेव्हा खरं कळलं. नाहीतर पोरगा तिकडे भात शिजवत राहिला असता आणि मी इकडे पुन्हा पाळीवर गेलो असतो.

पान वाढलं. मनोहर पानापुढे उकिडवा बसला. “आता काय म्हणू? मंत्र?”

“मंत्र नाही. नावं घे. आईपासून सुरू कर.”

त्याने आईचं नाव घेतलं आणि थांबला. मी थांबू दिलं. मग त्याने आज्याचं घेतलं. पुढे त्याला येईना.

“आज्याचा बाप सदाशिव,” मी म्हणालो. “पाळीवर झोपायचा, मगर त्याचे पाय चाटून जायची.”

“बाबा, मगर?”

“नाव घे तू.”

तो नावं घेत गेला, मी सांगत गेलो. एकाने बैलगाडी दातांनी ओढली, एकाने ढग थांबवला. त्यातला एक जण मी तिथल्या तिथे रचला. चांगला माणूस निघाला. सिस्टर शेवटी कडाडली, “बाबाजी, पितर जेवले! आता तुम्ही जेवा!”

यमुनाबाईने वाटीभर नवा भात माझ्यापुढे ठेवला. तिकडे पडद्यात मनोहर माझ्याकडे पाहत होता. मी पहिला घास घेतला. चव सांगत नाही. सांगितली तर तुम्हाला खोटी वाटेल.

वाटी रिकामी झाली. सिस्टरने वाटी उलटी करून पाहिली, मिश्राजींच्या ताटात डोकावून पाहिलं, आणि मग टोचलं. नंतर दोनदा बोट तपासलं. साखर जिथे असायला हवी तिथे होती.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. सुई आणि जेवण यांच्यामध्ये काहीही आलं, देव आला, पितर आले, रुसवा आला, मळमळ आली, तर सुई देणाऱ्याला आधी सांगा. कारण कितीही वेडं असलं तरी सांगा. ती माणसं हसत नाहीत. आणि पोरांनो, म्हाताऱ्याने ताट परत केलं तर नुसतं रागावू नका. तो काय सांगत नाही आहे, ते जरा शोधा.

संध्याकाळी मनोहरची गाडी आश्रमाच्या फाटकात आली. कपड्यांना धुराचा वास, हाताला केळीचं पान गुंडाळलेलं, कोणीतरी गावात बांधून दिलं असणार. माझी भरलेली बॅग वऱ्हांड्यात ठेवली होती. तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि पाणी प्यायला. मिश्राजी खांबामागे उभे राहून ऐकत होते. सिस्टर औषधाच्या कपाटात उगाच काहीतरी लावत होती.

मला विचारायचं नव्हतं. पण न विचारता राहणं मला कधी जमलं नाही.

“मग?” मी म्हणालो. “बॅग गाडीत टाकू?”

मनोहरने पेला खाली ठेवला.

“केशोरीच्या मागच्या खोलीच्या छपराचे कवेलू फुटले आहेत,” बॅग उचलून माझ्या खोलीकडे निघत तो म्हणाला. “पुढच्या साली कापणीच्या आधी येऊन बदलावे लागतील.”